दुसऱ्या फोनाची सवय

गेनबा तात्या यंदा खंडेनवमीला येणार नाहीत, असं घरात सगळ्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. तरी चंद्राबाईंनी सकाळी डाळ शिजायला टाकताना दोन वाट्या जास्तीच्या टाकल्या. आरतीनं ते बघितलं.

"आत्या, चार जणांना एवढं पुरण?"

"आसू दे. सणाच्या दिवशी कोन आलं-गेलं तर काय तोंडाकडं बघत बसायचं?"

कोण येणार होतं ते आरतीला न सांगता कळलं. तिनं कुरडया तळायला घेतल्या. सासूशी वाद घालायचा तर पुरण वाटून झाल्यावर घालावा, आधी नाही, हे ती वीस वर्षांत शिकली होती.

आणि तात्या आले. साडेनऊच्या सुमाराला विंझरच्या स्टॉपवर एसटी थांबली आणि पांढरी टोपी, पांढरा सदरा, हातात नारळाची पिशवी अशी मूर्ती भाताच्या खाचरांमधल्या वाटेनं चढून येताना दिसली. चंद्राबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. दिराला बघून त्यांचा हात आपोआप पदराकडं गेला. दर वर्षी तात्या किकवीहून जीपनं यायचे, हॉर्न वाजवत, वाटेत चार जणांना खिडकीतून हाका मारत. यंदा एसटीनं का, हे त्यांच्या तोंडाशी आलं होतं. पण महिन्याभरानं दारात आलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न असला विचारतात होय?

"या भावजी," एवढंच त्या म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पोरांनी गाडी धुतली का?" तात्यांनी पाय धुता धुता विचारलं. 'पोरं' म्हणजे त्यांचा शेहेचाळीस वर्षांचा पुतण्या हनुमंत. तो अंगणात गाडीला झेंडूचा हार बांधत होता. त्यानं मान वर केली, खाली घातली, आणि सुतळीची गाठ उगाच पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

या घरात गौरीच्या दिवशी काय झालं ते सगळ्या विंझरला माहीत होतं. हनुमंतानं एकोणीस वर्षं तात्यांच्या ट्रान्सपोर्टला लावलेली गाडी काढून पुण्याच्या 'धावदूत' नावाच्या नव्या कंपनीला जोडली. काही कारण सांगितलं नाही. "तिकडं बरं हाय," इतकंच बोलला. तात्या त्या दिवशी ताटावरून उठून गेले. तेव्हापासून चंद्राबाई मुलाला वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या. ज्या चुलत्यानं बाप गेल्यावर हातात स्टिअरिंग दिलं त्याला असं टाकायचं, हे त्यांच्या मनातून काही केल्या जाईना.

*

पूजा तात्यांनीच मांडायची, हा या घराचा रिवाज होता. सोनबा, म्हणजे हनुमंताचा बाप, आणि गेनबा या दोघा भावांनी मिळून पहिली मॅटॅडोर घेतली त्या वर्षापासूनचा. सोनबा गाडी चालवायचा आणि गेनबा किकवी फाट्यावर एका पानाच्या टपरीशेजारी कॉइन बॉक्सला चिकटून बसायचा. आधी दूध, मग टोमॅटो, आणि शिरवळला कारखाने आले तसा कारखान्यांचा तातडीचा माल. कुठं तरी मशिन बंद पडायचं, कुठला तरी एक भाग दुसऱ्या गावाहून पाहिजे असायचा, आणि त्या एका खोक्यासाठी अख्खी गाडी पळायची. चंद्राबाईंना सुरुवातीला याचं फार हसू यायचं. "येवढ्याशा डब्याला येवढी मोटार? मंग नवरीला काय विमान पाठवायचं?" असं त्या नवऱ्याला म्हणायच्या. सोनबा हसायचा. हसला की त्याचा पुढचा तुटका दात दिसायचा, आणि चंद्राबाईंना अजून तो दात जसाच्या तसा आठवतो.

रिवाज असा. ओटीवर घोंगडी अंथरायची, तिच्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड, सोनबाचे पाने, आणि मधल्या ताटात गाडीची चावी. हळदी-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या चावीला कोणी हात लावायचा नाही. ज्यानं पूजा मांडली त्यानंच ती उचलायची. मग कारखाना जळून जाऊ दे. एकदा सोनबा जिवंत असताना ऐन खंडेनवमीला मोठ्या साहेबाचा फोन आला होता, आणि गेनबानं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, "साहेब, आज आमच्या गाडीला सुट्टी हाय. तिला बी जीव हाय." साहेबानं दसऱ्याला पेढे पाठवले होते.

तात्यांनी घोंगडीवर बसून एकेका वस्तूला कुंकू लावलं. सोनबाच्या पान्यावर त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी हनुमंताकडं न बघता हात पुढं केला. हनुमंतानं त्यात चावी ठेवली. दोघांची बोटं एकमेकांना लागली, आणि आरती दारातून बघत होती, तिच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखा झाला. चला, मिटलं. पुरणाच्या पोळीवर तूप पडलं की राहिलेलंही मिटेल.

तेवढ्यात हनुमंताच्या खिशातला मोबाईल वाजला.

हनुमंताच्या एका हातात पूजेचं तबक होतं. दुसऱ्या हातानं त्यानं मोबाईल काढला, पडद्यावर हिरवं बटण दिसलं, त्यानं कुंकवाच्या अंगठ्यानं ते दाबलं आणि मोबाईल परत खिशात टाकला. ओवाळून झालं. नारळ फुटला. त्यानंतर दोन मिनिटांनी त्याचा चेहरा पांढरा पडला.

"प्रगती," त्यानं लेकीला हाक मारली. "हे बघ जरा. म्या काय केलं?"

प्रगती भोरच्या कॉलेजात शिकत होती आणि घरातला मोबाईलचा सगळा कारभार तिच्याकडं होता. तिनं पडद्यावरचं कुंकू ओढणीनं पुसलं आणि वाचलं.

"पप्पा! तुम्ही परत 'स्वीकारलं' दाबलं!"

*

ही चूक कशी झाली ते तात्यांशिवाय कोणाला नीट कळलं नसतं, आणि तात्यांना ती ऐकताच कळली. कारण ती सवय त्यांनीच लावली होती.

तात्यांचे नेहमी दोन फोन असायचे. लोड आला की पहिला फोन सगळ्या गाडीवाल्यांना. "शिरवळला माल हाय, कोन हाय?" ज्यानं त्यानं म्हणायचं, "हाय तात्या." म्हणजे मी आहे, ऐकलं, गाडी बरी आहे. एवढ्यानं शब्द दिला असं होत नसे. मग तात्या डोळे मिटून विचार करायचे, कोण जवळ आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण कालच रात्रभर गाडी चालवून आलाय, आणि मग ज्याला पाठवायचं त्यालाच दुसरा फोन. दुसरा फोन आला की मात्र जेवणाच्या ताटावरून उठायचं. पहिल्या फोनाला 'न्हाई' म्हणायची पद्धतच नव्हती. ते उद्धटपणाचं समजलं जायचं.

नव्या कंपनीत दुसरा फोन नव्हता. हिरवं बटण दाबलं की झालं, शब्द दिला. पण हनुमंताच्या अंगठ्याला एकोणीस वर्षांची सवय. निरोप आला की 'हाय' म्हणायचं. पहिल्या आठवड्यात त्यानं असंच एकदा दाबलं आणि दुसऱ्या फोनाची वाट बघत नसरापूरला चहा पीत बसला. तिकडं कारखान्याच्या दारात माणूस वाट बघत उभा. दुसऱ्यांदा असंच झालं तेव्हा कंपनीच्या मुलीनं फोन करून फार गोड आवाजात सांगितलं होतं, "सर, तिसऱ्या वेळेला तुमचा आयडी बंद होईल."

"कुठला लोड हाय?" आरतीनं विचारलं. तिच्या हातात झारा होता तो तसाच.

"शिरवळहून रांजणगाव. साडेअकराला गेटवर," प्रगती म्हणाली. "आत्ता सव्वादहा झालेत."

"त्यांना सांग ना, आज सण हाय म्हणून!"

प्रगतीनं फोन लावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. ती "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत अंगणाच्या कडेला गेली आणि परत आली ती मान हलवतच. गेट पास निघाला होता. तिकडं मशिन बंद होतं. आता नाही म्हटलं तर आयडी आजच बंद.

सगळ्यांच्या नजरा ताटातल्या चावीवर गेल्या.

*

आरतीचं रडू फुटायच्या बेताला आलं होतं, आणि रडू आलं की ती भांडायची.

"तात्या, तुमचा मान म्या कधी मोडला न्हाई," ती म्हणाली. "पण ही गाडी बंद राहिली तर घर बंद हाय. दुसरी कुठली कंपनी दारात उभी हाय? देवाला काय, तो समजून घील."

"देवाला मधी आनू नगंस," चंद्राबाई कडाडल्या. महिन्याभराचं साठलेलं होतं, ते आता बाहेर आलं. "देवाचं ऱ्हाऊ दे, मानसाचं बोल. ज्या मानसानं मानपान सोडून पायरी चढली, त्याच्या म्होरं त्यानंच मांडलेली पूजा मोडायची? एकदा गौरीला ताटावरनं उठवलं, आता खंडेनवमीला घोंगडीवरनं उठवा! हनुमंता, तुझा बा आसता तर..."

"आये, पुरं," हनुमंत हळूच म्हणाला.

"का पुरं? तिकडं बरं हाय म्हनं! काय बरं हाय? बटन दाबून घोडं अडलंय ते बरं? चुलता नावानं हाक मारून लोड द्यायचा. त्याला सोडून गेलास तू."

हनुमंत नेहमीच असा. बापासारखा. अंगावर आलेलं अंगावर घ्यायचं आणि गाडी पुसत बसायचं. त्यानं खरोखरच खांद्यावरचं फडकं काढलं आणि आधीच लख्ख असलेली काच पुसायला लागला.

गाडी न्यायची नाही, हे त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. आयडी जाऊ दे. म्हातारा दुसऱ्यांदा उपाशी उठून गेला तर आपण पुढं कुठल्या तोंडानं जेवायचं? रोजी काय, मिळेल. टोमॅटो भरू, वाळू भरू. महिना झाला होता नव्या कंपनीला. महिन्याभरात कोणी त्याला 'जेवलास का' म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटायचं, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"प्रगते," तो काचेकडं बघतच म्हणाला, "त्या बाईला सांग, गाडी येत न्हाई."

*

गेनबा तात्या घोंगडीवर बसून होते. त्यांच्या कानावर वहिनीचा एकेक शब्द पडत होता, आणि प्रत्येक शब्द त्यांच्या बाजूचा होता. एरवी माणसाला बरं वाटलं असतं. ते घोंगडीची सुटलेली दशी ओढत राहिले.

त्यांना श्रावणातली ती दुपार दिसत होती. किकवीच्या ऑफिसात, म्हणजे त्या एका गाळ्यात, ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. दोन्ही फोन टेबलावर. कितीतरी दिवसांत दोन्ही वाजले नव्हते. कारखान्यांचे जुने साहेब रिटायर झाले, नवी पोरं मोबाईलवर गाडी मागवतात, गेनबाला कोण विचारतो? एकेक गाडीवाला निघून गेला होता. हनुमंत तेवढा रोज सकाळी येऊन उभा राहायचा, संध्याकाळी रिकामा परत जायचा. त्या दुपारी तो दारात आला. चाहूल लागली तशी तात्यांना जाग आली, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी झटकन एक फोन उचलून कानाला लावला. "हां साहेब... शिरवळ ना? देतो, देतो, आमचा हनुमंत हाय ना!"

फोनचा पडदा काळा होता. चार्जिंगच नव्हतं. फोन उचलतानाच समोर उभ्या हनुमंताला तो काळा पडदा दिसला होता, आणि मग तो म्हणाला, "तात्या, तुमचं चालू द्या. म्या च्या सांगून येतो." तो गेला तो चहा सांगून बराच वेळ परत आला नाही. तात्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून.

त्यानंतर गौरीला त्यानं सांगितलं, गाडी दुसरीकडं लावली. तात्यांना कळलं होतं. आपल्याला रोज खोटा फोन कानाला लावावा लागू नये म्हणून पोरगं निघून गेलं. कळलं होतं, तरी ते रागानं ताटावरून उठले. कारण रागावलेल्या माणसाची लोक समजूत काढतात. धंदा बुडालेल्या माणसाची कीव करतात. कीव नको होती. आणि पोरानं महिनाभर आईचा अबोला सोसला, पण काळ्या पडद्याचं कोणाला सांगितलं नाही.

"प्रगती, फोन नगं लावूस," तात्या म्हणाले.

ते उठले. गुडघे वाजले.

"वहिनी, तुमी माझी बाजू घेता, पर ती बाजू खोटी हाय." "ह्यानं मला सोडलं न्हाई. माझ्याकडं लोडच नव्हता. आखाडापासनं एक फोन आला न्हाई. जीप इकली, म्हनून एसटीनं आलो. गाळा बी येत्या महिन्यात सोडतोय. हा रोज यायचा आन् रिकामा जायचा, आन् म्या ह्याच्या म्होरं बंद फोनावर बोलायचो. ह्यानं बघितलं. बघून बी गप ऱ्हायला."

चंद्राबाईंचा हात पदरासकट तोंडावर गेला.

"भावजी..."

"गौरीला उठून गेलो त्यो राग न्हवता, वहिनी. लाज व्हती."

हनुमंतानं फडकं टाकलं. "तात्या, कशाला सांगायचं त्ये? मला काय जड झालं न्हवतं."

"तुला न्हवतं. मला झालं व्हतं." तात्या वाकले. घोंगडीवरच्या ताटात त्यांनी चार अक्षता टाकल्या, हात जोडले, तोंडातल्या तोंडात भावाचं नाव घेतलं आणि चावी उचलली. कुंकू लागलेली चावी त्यांनी हनुमंताच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या दोन्ही हातांनी त्याची मूठ मिटली.

"सोनबादादानं मला शिकवलं ते तुला सांगतो. ज्याच्याकडं गाडी लावली, त्याचा माल वेळेवर पोचवायचा. लावताना इचार करावा, लावल्यावर करू नये. त्या कंपनीत आता नीट ऱ्हा. अर्धा हितं, अर्धा तिकडं आसा ऱ्हाऊ नगंस."

हनुमंत पाया पडायला वाकला. तात्यांनी त्याला धरून उभं केलं. "जा. साडेधा वाजलं. नसरापूरला गर्दी आसंल, चेलाडीकडनं सांभाळून काढ."

चंद्राबाई गाडीच्या खिडकीपाशी आल्या. महिन्याभरानं त्यांनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. दोन पुरणपोळ्या फडक्यात बांधून आरतीनं आधीच आणल्या होत्या, त्या त्यांनी सुनेच्या हातातून घेऊन स्वतःच्या हातानं सीटवर ठेवल्या. आरतीला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"हनुमंता," गाडी हलता हलता त्या म्हणाल्या, "तू येईस्तवर आमी कोनी जेवत न्हाई."

"आये, रांजणगावहून यायला संध्याकाळ हुईल!"

"होऊ दे. भावजी हितंच हायेत."

*

शिरवळच्या गेटवर हनुमंत पोचला तेव्हा अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. गेटवरचा बंडू त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता, पण वहीत लिहायचं असल्यामुळं विचारावंच लागायचं. महिन्याभरात हनुमंत नेमका याच गेटवर आला नव्हता. लोड दुसरीकडचे मिळत होते, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरंच वाटत होतं.

"कुठल्या ट्रान्सपोर्टची गाडी?" बंडूनं पेन उघडून विचारलं. लिहायला सुरुवातही केली. त्याला उत्तर माहीत होतं, एकोणीस वर्षं तेच होतं.

"धावदूत," हनुमंत म्हणाला.

बंडूचं पेन थांबलं. त्यानं लिहिलेलं खोडलं, नवं नाव लिहिलं आणि खिडकीशी आला. हार, कुंकू, सीटवरचं फडकं बघून त्यानं आवाज खाली आणला.

"मंग तात्या? तात्या बरं हायेत ना?"

आत कोणीतरी खोकं घेऊन घाईघाईनं येत होतं. एवढंसं खोकं, दोन्ही हातांत मावेल असं. हनुमंतानं गाडीचं मागचं दार उघडायला पाय खाली टाकला.

"बरं हायेत," तो म्हणाला. "घरी हायेत. माझ्यासाठी जेवायचं थांबल्यात."